धुक्याच्या बाई

छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे आले. बाईंनी सवयीनं वरचं एक पत्रक उचललं आणि वाचता वाचता त्या खुर्चीत मटकन बसल्या. 'चालकांसाठी' या रकान्यात तिसऱ्याच ओळीला, ठळक अक्षरांत छापलं होतं : 'धुक्यात गाडीचे दिवे बंद ठेवा.'

त्यांनी लिहून दिलं होतं 'मंद'.

पत्रक घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी चष्मा वर सरकवून ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाले, "एका अक्षराचा तर प्रश्न आहे. हातानं दुरुस्त करा."

"तीन हजार आहेत, साहेब."

"मग रोज थोडी थोडी करा. वाटायचीसुद्धा रोज थोडी थोडीच आहेत ना?"

यात खोट काढायला जागा नव्हती. बाई गठ्ठा उचलून आपल्या टेबलाशी परत आल्या, खोडायला एक लाल पेन शोधलं, आणि 'बंद'वर काट मारून वर 'मंद' लिहायला लागल्या. पन्नासाव्या पत्रकापर्यंत त्यांचा त्या दोन्ही शब्दांवरचा विश्वास उडाला होता.

रस्ते खात्याचा सुरक्षा विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि बाई. गेली एकोणीस वर्षं हेच. धुकं पडायला लागायच्या आधी तीन रकान्यांचं पत्रक काढायचं : चालकांसाठी, पाहुण्यांसाठी, शाळकरी मुलांसाठी. मग तीन महिने डोंगरातल्या शाळा, ट्रक थांबायच्या जागा आणि पाहुण्यांची हॉटेलं पालथी घालायची आणि तेच ते सांगायचं. घाटात पुढे घुसू नका. वळणावर गाडी उभी करू नका. काळोखात काळे कपडे घालू नका. मुलं त्यांना 'धुक्याच्या बाई' म्हणायची. लहान वर्गातल्या काहींची तर खात्रीच होती की धुकं याच आणतात, कारण त्या येऊन गेल्या की दोन-चार दिवसांत ते पडायचंच. एका शाळेत एक पोर त्यांना फाटकात बघून रडायला लागलं होतं.

पहिली काही वर्षं बाई तळमळीनं बोलायच्या. आता बोलताना त्यांना आपलाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू यायचा. घरी नवरा म्हणाला होता, "काल झोपेत बडबडत होतीस. 'ओव्हरटेक करू नका' म्हणालीस. मी रात्रभर कूस बदलली नाही मग." बाई हसल्या होत्या, पण हसतानाही त्यांना जांभई आली होती.

खात्याची जीप चालवायचे मामा. त्यांना सगळं ऑफिस मामाच म्हणायचं, अगदी साहेबसुद्धा. अकरा वर्षं बाई त्यांच्या शेजारच्या सीटवर बसत होत्या आणि अकरा वर्षं गाडी गावाबाहेर पडली की बाईंचा डोळा लागत होता. मामांचा हातच तसा होता. खड्ड्यातून गाडी अशी काढायचे की मांडीवरचा कागदसुद्धा हलू नये. शाळेच्या फाटकाशी आले की हळूच हाक मारायचे, "बाई, उठा. पोरं वाट बघताहेत."

त्या दिवशी घाटापलीकडची शाळा होती. दोन खोल्या, पुढे पटांगण, आणि फाटकातून पाय बाहेर टाकला की थेट मोठा रस्ता. बाईंनी खिडक्यांवर सतरंज्या टांगून खोलीत अंधार केला. भिंतीशी दोन मुलं उभी केली, एक गडद स्वेटर घातलेलं, दुसऱ्याच्या दप्तराला चमकणारी पट्टी. मग लांबून टॉर्च मारला.

"कोण दिसतं?"

"पट्टीवाला!" सगळा वर्ग ओरडला.

"आणि स्वेटरवाला?"

"तो मेला!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. स्वेटरवाला पोरगा भिंतीला टेकून मेल्याचं सोंग करत खाली घसरला. बाईंनीही हसून घेतलं. हे दर वर्षी व्हायचं.

"रस्त्यानं कुठल्या बाजूनं चालायचं?"

"समोरून येणारी गाडी दिसेल त्या बाजूनं!"

घंटा झाली. दप्तरं उचलून मुलं बाहेर पळाली आणि सगळीच्या सगळी, पट्टीवाल्यासकट, नेमक्या उलट्या बाजूनं घोळक्यानं चालायला लागली. मुख्याध्यापिका फाटकात उभ्या राहून ओरडत होत्या. बाईंच्यात ओरडायचंही त्राण नव्हतं. त्या जीपमध्ये येऊन बसल्या.

साडेतीनलाच धुकं उतरायला लागलं. आधी समोरचा डोंगर गेला, मग दरीकडचा कठडा गेला. एरवी बाई एव्हाना झोपल्या असत्या, पण दुसऱ्या दिवसासाठी शंभर पत्रकं दुरुस्त करायची होती. गठ्ठा मांडीवर घेऊन त्या काट मारत होत्या. मध्येच त्यांनी मान वर केली. पुढे, बऱ्याच अंतरावर, धुक्यात पिवळे दिवे लुकलुकत होते. कुणीतरी वळणावर गाडी उभी केली होती. बाईंनी कपाळाला आठी घातली आणि पुन्हा मान खाली घातली. एक 'मंद' लिहून झालं. दुसरं लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की जीपचा वेग तेवढाच आहे.

त्यांनी वर बघितलं. पांढरी मोटार आता अगदी समोर होती आणि तिच्या मागे रस्त्यातच उकिडवी बसून एक बाई एका छोट्या मुलीच्या बुटाची नाडी बांधत होती.

"मामा! मामा, ब्रेक!"

टायर किंचाळले. जीप तिरकी झाली, घसरली आणि थांबली. पत्रकं बाईंच्या पायांत सांडली. काचेतून बघितलं तर ती आई मुलीला छातीशी धरून तशीच बसली होती. जीपचं नाक तिच्यापासून हातभर लांब होतं.

बाई उतरल्या. मोटारीचा मालक कठड्याकडून धावत आला. हातात कॅमेरा, तोंड पांढरंफटक. "चुकलं, चुकलं हो आमचं. दोनच मिनिटं थांबलो. एक फोटो..."

एकोणीस वर्षांच्या सवयीनं बाईंनी हातात राहिलेलं एक पत्रक पुढे केलं. "'पाहुण्यांसाठी' वाचा. वळणावर थांबायचं नसतं."

ते त्याच्या बायकोनं घेतलं. शहाण्या मुलीसारखं तिनं उभ्या उभ्या ते वाचून काढलं आणि गोंधळून विचारलं, "दिवे बंद ठेवायचे असतात का? आम्ही तर चालू ठेवले होते."

"नाही हो, ते..." बाई म्हणाल्या, "ते छापताना चुकलंय. चालू ठेवलेत ते बरोबर केलंत."

ती मंडळी गाडीत बसून हळूहळू निघून गेली. बाई जीपमध्ये चढल्या. मामांनी कपाळ पुसलं, गिअर टाकला आणि म्हणाले, "काय माणसं असतात! साधे दिवेसुद्धा लावले नव्हते. दिसणार कसं?"

बाईंनी मान वळवून मामांकडे बघितलं.

थोडं पुढे, मोठ्या वळणाच्या तोंडाशी खात्याची पाटी होती. त्याच उन्हाळ्यात बाईंनी साहेबांच्या मागे लागून ती बदलून घेतली होती. जुन्या पाटीवर खूप अक्षरं होती. नव्या पाटीवर फक्त वीसचा आकडा होता, ताटाएवढा. पाटी धुक्यातून पुढे आली. बाईंना स्पष्ट दिसत होती.

"मामा, त्या पाटीवर काय लिहिलंय हो?"

"त्या पाटीवर होय?" मामा सहज म्हणाले. "'सावकाश जा, पुढे धोक्याचं वळण.' तुमचंच आहे की ते."

"गाडी बाजूला घ्या."

"इथं? इथं कशाला? पुढे..."

"मामा, गाडी बाजूला घ्या."

मामांनी वळणापुढच्या मोकळ्या जागेत जीप घातली. इंजिन चालूच होतं. वायपर काचेवरून फिरत होते. बाई म्हणाल्या, "पाटी बदलून सहा महिने झाले. आणि त्यांचे दिवे चालू होते. मला लांबून दिसले."

मामांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. त्यांनी नाकारलं नाही. "उजवा बराच गेलाय," ते म्हणाले. "डावा बरा आहे. धुकं नसलं की दिसतं हो, बाई."

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून जास्त."

"आणि दर वर्षी डोळे तपासतात ते?"

"तो तक्ता मला पाठ आहे. बदलत नाहीत ते."

बाईंना हसूही आलं आणि रडूही. खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला तेव्हा जीप हलली, एवढंच.

"उतरा," त्या म्हणाल्या. "इकडच्या बाजूला या. मी चालवते."

"तुम्ही?" मामांच्या आवाजात इतकी खरीखुरी भीती होती की दुसऱ्या कुठल्याही दिवशी बाईंना राग आला असता.

त्यांच्याकडे लायसन्स होतं. घरची छोटी गाडी चालवूनही पाच-सहा वर्षं झाली होती. जीपचा क्लच त्यांच्या पायाला दाबेना. सीट पुढे ओढली तरी त्या अर्ध्या उभ्याच होत्या. चौदा किलोमीटर उतरायला दीड तास लागला. पहिली काही वळणं मामा दार धरून गप्प बसले होते. मग न राहवून बोलायला लागले.

"आता उतार संपेल. दुसऱ्यावरच राहू द्या. आता डावीकडे दरड, तिच्यापासून लांब. हं. आता पुलाचा कठडा दिसेल."

आणि कठडा दिसायचा.

"पुढे रस्ता खचलाय, चाक मधे ठेवा. घाबरू नका, बाई, क्लच सोडा हळू. असं."

बाई घामाघूम झाल्या होत्या. खिडकी उघडी होती, बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, आणि शेजारी बसून एक माणूस न बघता सगळा रस्ता सांगत होता. एक दगड चुकला नाही. गेला हिवाळाभर आपण याच स्मरणशक्तीच्या भरवशावर मान टाकून झोपत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि पायाखालचा क्लच पुन्हा लटपटला.

ऑफिसच्या आवारात गाडी थांबल्यावर मामा उतरले नाहीत. "आठ महिने राहिलेत माझे," ते म्हणाले. "घाटात नाही नेणार. सरळ रस्त्यानं घालवीन. तुम्ही कुणाला बोलू नका."

"ती आई मुलीच्या बुटाची नाडी बांधत सरळ रस्त्यावरसुद्धा बसली असती, मामा."

"मग करू काय मी? पस्तीस वर्षं हेच केलंय. चावी काढून घेतलीत तर हात कुठं ठेवायचे तेसुद्धा कळायचं नाही मला."

"उद्या दहापर्यंत तुम्हीच साहेबांना सांगा," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तर बरं दिसेल. नाहीतर मला सांगावं लागेल."

सकाळी बाई आल्या तेव्हा जीप फाटकाशी उभी होती. पुसून लख्ख, काचेवर एक डाग नाही, इंजिन गरम केलेलं. मामा बॉनेटला टेकून उभे होते. "आज खालची शाळा ना, बाई? चला, वेळेत पोचू."

"साहेबांना भेटलात?"

"खालच्या शाळेचा रस्ता सरळ आहे," मामा म्हणाले. त्यांच्याकडे न बघता.

गाडीत बसावं, डोळे मिटावेत, असं बाईंना फार वाटलं. मग त्या जिना चढून साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. हातातली फाईल मिटली. "अहो, अकरा वर्षं तुमच्याबरोबर आहेत ते. आपण तोंडी काहीतरी... त्यांना जवळच्या कामांवर ठेवू."

"जवळच्या रस्त्यावरही माणसं असतात, साहेब."

"लेखी द्याल?"

"देते."

चार ओळींचं पत्र होतं. आयुष्यभर लोकांना काय करावं, काय करू नये ते लिहिणाऱ्या बाईंना त्या चार ओळींना तासभर लागला. दुपारी मामांना बोलावलं गेलं. त्यांनी चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली, बाईंच्या टेबलाजवळून जाताना थांबले नाहीत, आणि रजेचा अर्ज न देताच घरी गेले. बाई त्या दिवशी रिक्षा करून खालच्या शाळेत गेल्या. सतरंज्या टांगल्या, टॉर्च मारला. कोण दिसतं, म्हणून विचारलं. मुलांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी ऐकलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मामी आल्या. मामांची बायको. लठ्ठशी, धाप लागलेली. खुर्चीत बसून आधी पाणी प्यायल्या. "तुम्हाला चांगलं झाडायला आले होते," त्या म्हणाल्या. "पण तुमचा जिनाच एवढा की राग खालीच राहिला."

बाईंनी दोन चहा सांगितले.

"मला ठाऊक होतं हो," मामी म्हणाल्या. "वर्षभर बघतेय. दाढी करताना अर्धा गाल तसाच सोडतात. जिन्यात नातवाच्या खेळण्यावर पाय देतात. मी बोलले की चिडायचे. मग मी मनाची समजूत काढायचे : बाई असतात ना शेजारी. रस्त्याच्याच बाई त्या. त्यांचं लक्ष असणार."

बाईंनी कप खाली ठेवला. बोलावं की न बोलावं याचा विचार करण्याइतकीही ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून खरं तेच तोंडातून गेलं. "मी झोपायचे, मामी. गाडीत बसले की झोपायचे. रोज."

मामी बशीत ओतलेला चहा फुंकून प्यायल्या आणि म्हणाल्या, "घरी चला. दवाखान्यात जायचं नाव काढत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील असं नाही, पण चला."

मामा खरंच भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाई पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या. त्यांना काही सल्ला सुचला नाही. होता नव्हता तो सगळा तीन रकान्यांत छापून झाला होता.

"मामा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नव्हतं आणि मी डोळे मिटून होते. अख्खा हिवाळा. त्या शाळेतली पोरं रस्त्यानं कशी चालतात ते तुम्ही बघितलंय."

पाठ हलली नाही. स्वयंपाकघरात मामी भांडी उगाचच आपटत होत्या. मग भिंतीकडून आवाज आला, "ती नाडी बांधणारी. मुलगी केवढी होती?"

"चारेक वर्षांची."

"मला ती दिसलीच नाही," मामा म्हणाले. "तुम्ही ओरडलात म्हणून पाय दाबला. गाडी थांबल्यावरही नाही दिसली. तुम्ही खाली उतरून कुणाशी बोलताय तेच कळेना." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "कुठल्या दवाखान्यात जायचं म्हणता?"

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढला. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा मामी म्हणाल्या, "काय दिसतं?" तर मामा म्हणाले, "तू बरीच म्हातारी झालीस." उजव्या डोळ्याचं दुखणं मात्र वेगळं निघालं. काचबिंदू होता, खूप पुढे गेलेला. त्याचं आता काही होण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाडी चालवायची नाही.

मामांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. फाटकाशेजारी लहानशी खोली, एक टेबल, आत एक खुर्ची. घाट चालू आहे का, धुकं किती आहे, मुक्कामाला कुठं जागा मिळेल, असं विचारायला पाहुणे तिथं यायचे. मामा उत्तरं द्यायचे, पण मोजकी. बाई सकाळी आत येताना त्यांच्याकडे बघायच्या. ते नेमके तेव्हाच कागद चाळायला लागायचे. बाईंनीही ओढूनताणून बोलायचा प्रयत्न केला नाही. लेखी त्यांनीच दिलं होतं. त्याचा त्यांना पश्चात्ताप नव्हता, आणि त्यानं बरंही वाटत नव्हतं.

नवा ड्रायव्हर आला. जेमतेम तिशीचा, बोलका, रेडिओवरच्या गाण्याबरोबर गुणगुणणारा. खड्ड्यातून गाडी सरळ नेणारा. बाई आता झोपत नसत. पहिल्या दिवसापासून त्या ताठ बसून समोर बघायच्या, आणि संध्याकाळी घरी पोचल्या की मान एवढी आखडलेली असायची की नवऱ्याला तेल चोळून द्यावं लागायचं. "रजा घे चार दिवस," तो म्हणायचा. "धुकं गेल्यावर," बाई म्हणायच्या. पत्रकं अजून सातशे उरली होती.

एका सकाळी जीप फाटकातून बाहेर पडत होती. चौकशीच्या खिडकीतून मामांनी हात बाहेर काढला आणि जीपच्या काचेवर टकटक केली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मामा त्याच्याकडे न बघता बाईंना म्हणाले, "मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. वळताना आवाज येतोय. घाटात जायच्या आधी भरून घ्या."

"बरं," बाई म्हणाल्या. आणखी काहीतरी बोलावं म्हणून त्या क्षणभर थांबल्या, पण मामांच्या खिडकीशी दोन पाहुणे येऊन उभे राहिले होते आणि मामा त्यांच्याकडे वळले होते.

कोपऱ्यावरच्या पंपावर चाक तपासलं. हवा खरंच कमी होती. ड्रायव्हर नळी लावून बसला. बाईंनी मांडीवरचा गठ्ठा सारखा केला, पेनचं टोपण काढलं आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. डोंगरावरचं धुकं अजून खाली आलं नव्हतं.